कोरा कागद आणि बोलका रेडा

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना रूममेटच्या लॅपटॉपवर मी पहिल्यांदा स्कायरिम खेळलो. २०११ चा गेम, आमच्यापर्यंत पोचायला चार-पाच वर्षं लागली. सुरुवातीला वंश निवडायचा असतो. रूममेटनं नॉर्ड घेतला होता, म्हणजे त्या प्रदेशातला मूळचा गोरा-दांडगा माणूस. मी खाजीत घेतला. खाजीत म्हणजे मांजराच्या तोंडाची जमात. कारण काही खोल नव्हतं, शेपूट आवडली.

दोन-तीन दिवसांत फरक जाणवायला लागला. त्याला जे पहारेकरी भाऊबंदासारखे बोलायचे, तेच माझ्याकडे बघून ‘नीट राहा, आमचं लक्ष आहे’ अशा अर्थाचं काहीतरी पुटपुटायचे. मग लक्षात आलं, की त्या जगात खाजीत व्यापाऱ्यांचे तांडे शहराच्या तटाबाहेरच तंबू ठोकून बसलेले असतात. त्यांना आत घेत नाहीत. चोर असतात असा समज. मी खेळाडू असल्यामुळे मला आत जाता यायचं, पण माझ्यासारखे दिसणारे बाकीचे सगळे वेशीबाहेर.

‘वेशीबाहेर’ हा शब्द डोक्यात आला आणि जरा थबकलो. मी आळंदीचा. आमच्याकडे या शब्दाला शेपूट नसते.

संवादाचा तक्ता

पुढे नोकरीला लागल्यावर हे गेम आतून कसे चालतात ते वाचायची खोड लागली. त्याच मालिकेतला २००२ चा मॉरोविंड या बाबतीत अगदी पारदर्शक आहे. प्रत्येक विषयाखाली उत्तरांची एक यादी असते. प्रत्येक उत्तराला अटी जोडलेल्या: बोलणारा कोणत्या वंशाचा, कोणत्या गटाचा, समोरचा खेळाडू कोण, त्याचा हुद्दा काय, बोलणाऱ्याला तो कितपत आवडतो. गेम वरून खाली येत जातो आणि ज्या ओळीच्या सगळ्या अटी जुळतात ती पहिली ओळ पात्राच्या तोंडी घालतो. म्हणजे पात्र तुमच्याशी ‘बोलत’ नसतं. तुम्ही कोण आहात हे तपासून तुमच्या वाटणीचं वाक्य देत असतं.

२०२३ च्या बाल्डर्स गेट ३ मध्येही हेच, फक्त जास्त देखणं. तुम्ही ड्राउ जमातीचे असाल तर गॉब्लिनांच्या छावणीत तुम्हाला मान मिळतो. तोच खेळाडू, तीच छावणी; जमात बदलली की स्वागत बदलतं.

हे वाचताना मला वाटायचं, काय भारी कल्पना आहे. मग एका सुट्टीत संस्कृत नाटकांबद्दल वाचलं, आणि कळलं की ही कल्पना किमान दीड हजार वर्षं जुनी आहे. शिवाय तिच्या तक्त्यात आपलंही एक घर आहे.

राजाला संस्कृत, राणीला प्राकृत

भरताच्या नाट्यशास्त्रात कोणत्या पात्रानं कोणती भाषा बोलायची याचे नियम आहेत. ढोबळपणे सांगायचं तर राजा, मंत्री, विद्वान ब्राह्मण हे संस्कृत बोलणार. स्त्रिया, अगदी राणीसुद्धा, शौरसेनी प्राकृत. खालच्या कामातले लोक मागधी. ‘शाकुंतला’त दुष्यंत संस्कृतात बोलतो, शकुंतला त्याला प्राकृतात उत्तर देते, आणि अंगठी सापडलेला कोळी मागधीत गयावया करतो. तिघांनाही एकमेकांचं सगळं कळतं. प्रेक्षकालाही पहिल्या वाक्यात कळतं, की हा कोण.

गाणी मात्र बहुधा महाराष्ट्री प्राकृतात. हीच आपल्या मराठीची पूर्वज. दंडीनं काव्यशास्त्रावरच्या आपल्या ग्रंथात महाराष्ट्रीला सगळ्यांत चांगली प्राकृत म्हटलंय. हालाची ‘गाथासप्तशती’ याच भाषेत आहे. थोडक्यात, त्या जगात आपल्या भाषेचं खातं होतं गाण्याचं. शकुंतला दुःख बोलणार शौरसेनीत आणि गाणार महाराष्ट्रीत.

शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’त हा तक्ता सर्वांत रंगतो. तिथं इतक्या प्राकृत बोली आहेत, की टीकाकारांना त्यांची यादी करावी लागली. शकार हा राजाचा मेहुणा. हातात सत्ता आहे, पण कवीनं त्याच्या तोंडी ‘स’च्या जागी ‘श’ घातलाय, त्यामुळे तो कितीही धमक्या देवो, प्रेक्षक हसतात. आणि त्याच नाटकात विदूषक मैत्रेय (जो ब्राह्मण असूनही नियमाप्रमाणे प्राकृत बोलतो) म्हणतो, की आपल्याला दोन गोष्टींचं हसू येतं. त्यातली एक म्हणजे संस्कृत बोलणारी बाई. नाकात नवी वेसण घातलेली गाय जशी सूं-सूं करते, तशी ती वाटते.

वेसणीचं जनावर. ही उपमा लक्षात ठेवा, ती पुन्हा येणार आहे.

या नियमाला एक पळवाट होती. प्राकृत बोलणारं पात्र एखाद्या प्रसंगी संस्कृत बोलणार असेल, तर संहितेत तशी स्वतंत्र रंगसूचना असायची: आता हिनं संस्कृताचा आश्रय घेतला. वसंतसेना तो घेते. म्हणजे तिला येत होतं. फक्त एरवी बोलायचं नव्हतं.

पैठणच्या गल्लीत

आता आमच्या गावाची गोष्ट. तुम्ही ती शाळेत ऐकली आहे, पण एकदा या तक्त्याच्या बाजूनं ऐका.

विठ्ठलपंत आपेगावचे, सासुरवाडी आळंदीची. काशीला जाऊन संन्यास घेतला, गुरूंनी परत पाठवलं, पुन्हा संसार केला, चार मुलं झाली. संन्याशाची पोरं. त्या काळच्या तक्त्यात या चौघांसाठी ओळच नव्हती. मुंज नाही, म्हणून वेदाचा अधिकार नाही. आईबापांनी देहान्त प्रायश्चित्त घेतलं, तरी नोंद बदलली नाही. मुलं शुद्धिपत्र मागायला पैठणला गेली.

परंपरा सांगते ते असं: तिथं कुणीतरी टिंगल केली, की नावात काय आहे, तो पखालीचा रेडा चाललाय त्याचंही नाव ज्ञान्याच आहे. ज्ञानेश्वर म्हणाले, त्याच्यात आणि माझ्यात भेद नाही. मग म्हणे, त्याच्याकडून वेद म्हणवून दाखव. ज्ञानेश्वरांनी रेड्याच्या मस्तकावर हात ठेवला आणि रेडा वेद बोलू लागला. जुन्नर तालुक्यातल्या आळे गावात त्या रेड्याची समाधी आहे. पुणे-नाशिक रस्त्यानं जाताना आजही लोक तिथं थांबतात.

चमत्कार झाला का, हा प्रश्न मी बाजूला ठेवतो. मला गोष्टीची रचना बघून आश्चर्य वाटतं. शेकडो वर्षांपूर्वीच्या नाटकात बाईच्या तोंडचं संस्कृत म्हणजे वेसणीच्या जनावराचा आवाज होता. इथं वेसणीचं जनावरच वेद म्हणतंय आणि ऐकणारे गप्प झालेत. ज्यांनी ही गोष्ट रचली, सांगितली, टिकवली, त्यांना नेमकं ठाऊक होतं की कुलूप कुठं आहे. ते तोंडात नाही, जिभेत नाही, बुद्धीतही नाही. अट तपासणारा माणूस दारात बसलाय, तिथं आहे.

आणि यानंतर ज्ञानेश्वरांनी काय केलं, तर संस्कृतात लिहिलं नाही. नेवाशाला बसून शके १२१२, म्हणजे १२९० मध्ये, गीतेवर नऊ हजारांच्या आसपास ओव्या मराठीत सांगितल्या. गाण्याच्या खात्यातली भाषा तत्त्वज्ञानाच्या खात्यात आली.

त्याच सुमारास महानुभावांकडेही हेच चाललं होतं. चक्रधरांनी मराठीतूनच सांगितलं. त्यांच्यामागून नागदेवाचार्यांना एका विद्वान शिष्यानं संस्कृतात प्रश्न विचारला, तर ते म्हणाले की मला तुझं ते कळत नाही, आणि तू तसं लिहिलंस तर माझ्या म्हाताऱ्या बायका वंचित राहतील. गंमत अशी, की पुढे याच पंथानं आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांमध्ये बंद केले. कुलूप उघडणाऱ्यांनाही कधीतरी स्वतःचं कुलूप लागतं.

मायना सुचेना

आळंदीची दुसरी गोष्ट चांगदेवांची. वाघावर बसून, सापाचा आसूड घेऊन आलेले आणि भिंत चालत सामोरी गेली, ते चांगदेव. ती भिंत गावात दाखवतात. पण भिंतीच्या आधीची गोष्ट मला जास्त आवडते.

चांगदेवांना ज्ञानेश्वरांना पत्र लिहायचं होतं. परंपरेनुसार त्यांचं वय चौदाशे वर्षं. समोरचा मुलगा विशीच्या आतला. मायना काय लिहायचा? ‘चिरंजीव’ लिहावं तर ज्ञानानं तो मोठा. ‘तीर्थरूप’ लिहावं तर वयानं तो पोर. बराच विचार करून त्यांनी कोराच कागद पाठवला. मुक्ताबाई कागद बघून म्हणाली म्हणे, की चौदाशे वर्षं जगून हा कोराच राहिला. त्या कोऱ्या कागदाला ज्ञानेश्वरांनी दिलेलं उत्तर म्हणजे ‘चांगदेव पासष्टी’.

आम्ही मुलाखतींमध्ये उमेदवारांना विचारतो, की दोन अटी एकाच वेळी खऱ्या असतील आणि दोघींची उत्तरं उलटी असतील तर तुमचा प्रोग्राम काय करेल? चांगदेवांचा प्रोग्राम रिकामी ओळ छापून थांबला.

हसू येतं, पण त्या काळी ही अडचण खरी होती. यादवांच्या दरबारातल्या हेमाडपंतांच्या नावावर ‘मेस्तक’ सांगतात, म्हणजे दफ्तरी लेखनाचे नियम. कुणाला कसं लिहायचं याची आपल्याकडे शास्त्रासारखी शिस्त होती. शाळेत आपणही ‘तीर्थरूप बाबांस शिरसाष्टांग नमस्कार’ याला मार्क मिळवले आहेत. बाबा शेजारच्या खोलीत टीव्ही बघत असताना.

दुसऱ्याच्या अंगात शिरणं

ज्ञानेश्वरांनी शके १२१८ मध्ये, म्हणजे १२९६ ला, आळंदीत समाधी घेतली. त्यानंतर जवळपास तीनशे वर्षांनी पैठणचे एकनाथ आळंदीला आले. अजानवृक्षाची मुळी गळ्याला लागली आहे, ती काढ, असा दृष्टान्त झाला होता म्हणतात. त्यांनी समाधीची जागा नीट केली आणि १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. बग काढले, असं मी आईला एकदा सांगितलं होतं. तिला ते पटलं नाही.

एकनाथांचं मला सर्वांत आधुनिक वाटणारं काम म्हणजे भारुडं. भारुडात कवी ‘मी’ म्हणतो आणि तो मी दरवेळी वेगळा असतो. वासुदेव, जोशी, गोंधळी, कोल्हाटीण, महार, मुका, बहिरा, विंचू चावलेला माणूस. प्रत्येकाची बोली वेगळी, धंद्याचे शब्द वेगळे. ‘हिंदू-तुर्क संवादा’त तर दोघं भांडतात, एक मराठीत आणि दुसरा दखनी हिंदीत, एकमेकांच्या धर्माची यथेच्छ उणीदुणी काढतात आणि शेवटी गळ्यात पडतात. सोळाव्या शतकात, निजामशाहीच्या मुलखात. रोल-प्लेइंग याला नाही म्हणायचं तर कशाला?

‘जोहार’ नावाची त्यांची भारुडं आहेत. जोहार हा महारांनी घालायचा नमस्कार. पैठणचा ब्राह्मण त्या भारुडात महार होऊन गावाला जोहार घालतो आणि हिशेब सांगतो. ज्या शब्दावरून माणूस ओळखून दूर ठेवला जायचा, तो शब्द ब्राह्मणानं भर सभेत तोंडात घेतला. हे धाडसच.

पण इथं मला एक खटकतं. एकनाथांच्या दोनशे-अडीचशे वर्षं आधी चोखामेळ्यांनीही जोहार घातला होता, आणि तो रोल नव्हता. भारुड संपलं की एकनाथ वाड्यावर परतायचे. चोखोबांना लॉग-आउट नव्हतं. त्यांची समाधी पंढरपूरच्या देवळाच्या महाद्वारासमोर आहे, पायरीपाशी, बाहेर. त्या देवळाचं दार सगळ्यांना उघडायला १९४७ साल आणि साने गुरुजींचं उपोषण लागलं. गेम खेळताना आपण खाजीत होतो, शिव्या खातो, बोअर झालं की नवीन कॅरेक्टर बनवतो. खेळ म्हणून यात वाईट काही नाही. फक्त कोण खेळतोय आणि कोण जगतोय, हा फरक डोळ्यासमोरून हलू नये.

नमस्काराला बंदी

तक्ता नुसता रिवाजावर चालतो असं आपल्याला वाटतं. १७७९ च्या ऑगस्टमध्ये तो सरकारी कागदावर आला.

सोनार समाजातले लोक स्वतःला दैवज्ञ ब्राह्मण म्हणवू लागले होते. ब्राह्मणी पद्धतीनं धोतर नेसायचे आणि भेटल्यावर ‘नमस्कार’ म्हणायचे. ब्राह्मणांना वाटलं, हा शब्द आमचा. पेशव्यांच्या मुलखात तो बंद पाडला गेला. पण मुंबई ईस्ट इंडिया कंपनीची. तिथले सोनार अजून नमस्कार म्हणतच होते. मग कंपनीच्या मुंबई सरकारकडूनही हुकूम काढवून घेतला, की सोनारांनी नमस्कार हा शब्द वापरू नये. आंबेडकरांनी १९३६ च्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये हा प्रसंग दिला आहे, वरच्यांनी खालच्यांना वर येऊ दिलं नाही याचं उदाहरण म्हणून.

दोन हात जोडून म्हणायचा एक शब्द. त्याच्यासाठी पुण्याचं सरकार आणि इंग्रजांची कंपनी एका बाजूला.

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट हा ऑनलाइन गेम २००४ मध्ये आला, तेव्हा त्यात अशीच एक भिंत होती. होर्ड आणि अलायन्स असे दोन गट. एका गटातल्या खेळाडूनं शेजारी उभं राहून काही टाइप केलं, तर दुसऱ्या गटातल्याला निरर्थक शब्द दिसायचे. गेम तुमचा शब्द घ्यायचा, तितक्याच लांबीचा बनावट शब्द काढायचा आणि पलीकडे दाखवायचा. होर्डवाला ‘लोल’ लिहून हसला की अलायन्सवाल्याला ‘केक’ दिसायचं. दोघंही बहुतेक वेळा इंग्रजीतच लिहीत असत. न कळण्याची सोय कंपनीनं केली होती, कारण कळलं तर लढाईची मजा जाते. आणि लोकांनी काय केलं? ‘केक’ म्हणजे हसू, हे शिकून घेतलं आणि स्वतःच वापरायला लागले. २०२२ मध्ये कंपनीनं दोन्ही गटांना एकत्र मोहिमा करायची परवानगी दिली, अठरा वर्षांनी.

आपल्याकडेही लोकांनी दिलेला शब्द टाकून स्वतःचा घेतला. जोहार गेला आणि ‘जय भीम’ आला. ‘जय भीम’ रुजवण्याचं श्रेय कामठीच्या बाबू हरदास यांना देतात. ते १९३७ मध्ये आमदार झाले आणि १९३९ मध्ये, पस्तिशीतच गेले. जोहार घालणारा खाली वाकायचा, आणि समोरचा उलट जोहार घालत नसे. जय भीमला उत्तर जय भीमच असतं. संवादाच्या तक्त्यात हा मोठा बदल आहे: दोन्ही बाजूंना एकच ओळ.

माऊली

वारकऱ्यांकडेही अशी ओळ आहे. आळंदीत रिक्षावाला, फुलवाली, पोलीस, भाविक, सगळे एकमेकांना ‘माऊली’ म्हणतात. ‘माऊली, गाडी जरा बाजूला घ्या.’ वारकरी भेटले की एकमेकांच्या पाया पडतात, दोघंही. चांगदेवांचा पेच इथं उरतच नाही, मायना ठरलेला आहे.

याचं फार कौतुक करण्याआधी इरावती कर्वे आठवाव्यात. त्या ज्ञानेश्वरांच्या पालखीबरोबर चालल्या आणि ‘वाटचाल’ या लेखात त्यांनी लिहिलं, की दिंडीत अभंग सगळ्यांनी मिळून म्हटले तरी जेवणाच्या पंगती जातीनं वेगळ्या होत्या, आणि ते त्यांना बोचत राहिलं. एक शब्द समान झाला म्हणून ताट समान होत नाही.

हे मला आमच्या कंपनीत कळलं. पुस्तकात वाचून नव्हे, स्वतःच्या कोडमधून.

आम्ही एका कारखान्यासाठी हजेरीचं ॲप केलं होतं. तीन भाषा, दोन प्रकारचे वापरणारे: स्टाफ आणि कंत्राटी. मराठी वाक्यांची एक्सेल शीट क्लायंटकडून आली. मी ती न वाचता घातली, संध्याकाळी बिल्ड द्यायचं होतं. अट मीच लिहिली होती, एका ओळीची.

माझे मामा चाकणला कंत्राटावर आहेत. पंधरा वर्षांत चार ठेकेदार झाले, कामाची जागा तीच. एका रविवारी घरी आले आणि फोन पुढे केला. “हे तुमच्याकडचंच का रे?” स्क्रीनवर लिहिलं होतं: ‘हजेरी लाव.’

स्टाफच्या फोनवर काय येतं ते मला पाठ होतं. ‘कृपया आपली उपस्थिती नोंदवा.’

मामा चिडले नव्हते. हसत म्हणाले, “सुपरवायझर अरे-तुरे करतो ते ठीक, आता मोबाईल पण करायला लागला.” मामा मला ‘तू’च म्हणतात आणि मला ते आवडतं. विठ्ठलालाही आपण ‘तू’ म्हणतो. ‘तू’मध्ये वाईट काही नाही. पण मामांच्या फोनमधला ‘तू’ कुणाच्या मायेतून आलेला नव्हता. त्यांच्या नावापुढे डेटाबेसमध्ये एक अक्षर होतं, ते बघून माझ्या ओळीनं तो काढून दिला होता.

सोमवारी मी अट उडवली आणि दोघांनाही एकच वाक्य ठेवलं: ‘कृपया हजेरी नोंदवा.’ मॅनेजरनं विचारलं, हे कशाला बदललं? मी म्हटलं, दोन वाक्यं ठेवायचा मेंटेनन्स वाढतो. खरं कारण सांगायची हिंमत झाली नाही. क्लायंटनं काही म्हटलं नाही, बहुधा कुणाच्या लक्षातही आलं नसावं. मामांचा पगार तोच आहे, कॅन्टीनची वेगळी रांग तीच आहे, आणि डेटाबेसमधलं ते अक्षरही जागेवर आहे, कारण पगाराचा हिशेब त्यावर चालतो.

पुढच्या वेळी मामा आले तेव्हा आम्ही इंद्रायणीच्या घाटावर जाऊन बसलो. पाण्यावर कारखान्यांचा पांढरा फेस होता. मामांनी फोन काढून नवं वाक्य दाखवलं, “सुधारलं बरं का.” मी सांगितलं नाही की ते मी केलं, कारण आधीचंही मीच केलं होतं. तेवढ्यात मागून एक म्हातारे वारकरी पायऱ्या उतरत आले. वाट अडली होती.

“माऊली, जरा सरकता का?”

आम्ही दोघंही सरकलो.